तिसऱ्या पिंपाची आरोळी

आमच्या व्हॉसच्या खोऱ्यात बिअर घरीच करतात. गवतकापणीसाठी हलकी, नाताळासाठी लालसर, आणि घरातलं माणूस गेलं की दफनाला येणाऱ्यांसाठी काळी, दाट. पहिल्या दोन मी दरवर्षी करत आले. तिसरी सिव्हर्टसाठी कधीच केली नाही. तळ्यानं माझा नवरा परत दिला नव्हता. मग तो गेला, असं मी का म्हणावं?

फार वर्षांपूर्वी, एका हिवाळ्यात, तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या ब्रीताचं बिअर आंबवायचं विरजण नासलं होतं. कुणी विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही इथली रीत. आमचं विरजण एका कोरीव लाकडी कड्यावर वाळवलेलं असे, दाराजवळच्या खुंटीला दोरीनं टांगलेलं. देताना अर्धं खरवडून घरी ठेवायचं असतं. सिव्हर्टनं अख्खं कडंच सोडून घेतलं. “संध्याकाळी आणतोच की परत,” म्हणाला आणि गोठलेल्या तळ्यावरून निघाला. बर्फ मधोमध फुटला.

रिकामी दोरी मी तशीच ठेवली. दाराला कडीही घातली नाही.

आमच्या विरजणाला संत्र्याच्या सालीचा वास यायचा. पुढे ब्रीतानं दुसऱ्या खोऱ्यातून आणलेलं विरजण मी वापरू लागले. त्याला ओल्या अळंब्यांचा वास. वाईट नव्हता, पण आमचा नव्हता.

यंदा शरदात ब्रीता काठी टेकत आली.

“ग्युरिड, आता त्याची बिअर कर बाई. तुझं-माझं दफन दाराशी आलं, त्याचंच राहिलंय.”

“थांब, आधी तुझी करते.”

“कर की. फक्त मागच्या नाताळासारखी पातळ नको.” मग तिनं माझा हात धरला. “ती प्यायलीस की कडी घालून झोपशील गं.”

मी केली. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, भाजलेल्या जवाचं पाणी गाळलं, कोमट होऊ दिलं. विरजण घालताना मोठ्यानं ओरडायचं असतं. आरोळी ऐकणारे शेजारी बिअर तयार होईल त्या संध्याकाळी न बोलावता चव घ्यायला येतात. सिव्हर्टची आरोळी पलीकडच्या काठाला ऐकू जायची. तो नाहीसा झाल्यापासून मी नुसती पुटपुटायचे. या वेळी दार उघडून ओरडले.

तळ्यावरून आरोळी परत आली.

“प्रतिध्वनी,” ब्रीता म्हणाली.

माझा आवाज म्हातारीचा, चिरका. परत आलेला भरदार होता. आणि मी गप्प झाल्यावरही तो चालूच होता.

तिन्ही पिंपं तळघरात शेजारी शेजारी होती. अधूनमधून मी चमचाभर चाखायचे. उन्हाळ्यातली उरलेली हलकी आंबटपणाकडे झुकली होती. लाल आधी नुसती गोड होती, मग तिला पावाच्या करपट कडेची चव आली, मागे अळंब्या. काळी बरेच दिवस गप्प होती. मग एका दुपारी झाकण उचललं.

संत्र्याची साल.

ब्रीतानं एक घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला.

“हे माझं विरजण नाही.”

“तुझ्याच बरणीतलं आहे.”

“ग्युरिड, हे पिऊ नकोस.”

“तूच म्हणालीस ना, पी म्हणून?”

“कडी घाल,” ती म्हणाली, आणि काठी विसरून निघून गेली.

आज बिअर तयार झाली. अंधारून येता येता मी टेबलावर दोन वाडगे मांडले आणि खाली जाऊन काळीनं सुरई भरली. प्यायले, की तो गेला असं मीच म्हटल्यासारखं होणार. पायरीवर बराच वेळ उभी राहिले. मग सुरई पिंपात परत ओतली आणि वर आले.

दार उघडं होतं. दारातली फरशी ओली.

एका वाडग्यात खरवडलेलं विरजण होतं. ओलसर, संत्र्याच्या वासाचं. बरोबर अर्धं.

खुंटीवरची रिकामी दोरी अजून हलत होती.