संगमावरच्या सोंगाड्याचा टोप

पानाचा डबा बाजूला ठेवा आणि नीट ऐका. ही हकिगत आमच्या आळीतल्या भैरू न्हाव्याची. बरीचशी त्यानेच मला सांगितली. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलंय, आणि पंधरा दिवस झाले, अन्नावर वासना नाही.

शके १७३५, श्रीमुखनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. भैरू सकाळी कसब्यातून निघाला, मुठा उतरला आणि संगमाकडे चालू लागला. काखेत पंच्यात बांधलेलं गाठोडं होतं. संगमावर इंग्रजांच्या वकिलाची छावणी, आणि छावणीच्या कोठारावर डॉब्सन नावाचा गोरा कारकून. पुण्याने त्याचा केव्हाच डापशा करून टाकला होता.

या डापशाची कुंडली भैरूला दिगंबरपंत दुभाष्याने सांगितली होती. मूळचा हा विलायतेतला सोंगाड्या. विशीत असताना सत्तरीचे म्हातारे करायचा. राजा कधी झाला नाही, नवरदेव कधी झाला नाही. बहिरा आजोबा, दारुडा पाद्री, चोंबडी दाई, एवढीच त्याची मिरास. खेळात राजा मेला की लोक रडायचे, आणि मग त्यांना हसवायला याला पुढे ढकलायचे. तीस वर्षं हेच केलं. पुढे तिकडच्या लोकांना त्याचा वीट आला, तेव्हा जहाजात बसून मुंबईला आला. तिथल्या साहेबलोकांच्या खेळांत नाचला आणि शेवटी पोटासाठी पुण्यात. दिवसा पोती मोजायची, रात्री तंबूत गोऱ्यांपुढे सोंगं काढायची.

त्याची एक खोड होती. सोंग म्हणे आधी केसांत येतं, मग तोंडावर. म्हणून त्याला केस लागायचे ते जित्या माणसाचे, तागाचे चालायचे नाहीत. आणि ते पुरवायचा आमचा भैरू. कुठले? दहाव्याला घाटावर उतरवलेल्या मिशा, दाढ्या, डोईचे केस! सुतकाचे केस हो. ते नदीत जायचे असतात, आपण त्यांवर पायसुद्धा देत नाही. भैरू ते गोळा करायचा, आणि हा गोरा ते ओठांवर चिकटवून त्याच तोंडाने जेवायचा. शी! सांगतानाही थुंकावंसं वाटतं. बदल्यात भैरूला कधी आरसा मिळे, कधी कात्री.

त्या खेपेला डापशाला बाईचं सोंग करायचं होतं. लांब केस आण, विलायती वस्तरा देतो, असं त्याने कबूल केलं होतं. वस्तरा म्हटल्यावर न्हाव्याची लाळ गळणारच.

गाठोड्यात केस होते मथुराबाईचे. वय वर्षं एकोणीस. नवरा तापाने गेला आणि आदल्या दिवशी दहावा झाला. परसात भैरू तिच्यापुढे बसला तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. सगळं उतरल्यावर एवढंच म्हणाली, "भैरू, हे नदीत सोड. कुणाच्या हाती देऊ नकोस."

"सोडतो, बाई."

"तुला लेक आहे ना?"

"हाय. शकू. नऊ वर्साची."

"घरी जा, तिच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे."

भैरू घरी गेला. उजवा हात शकूच्या डोक्यावर ठेवला, शपथ घेतली. रात्रभर गाठोडं उशाशी होतं. सकाळी उठून ते डापशाला देऊन आला. वाह रे बाप!

दहा दिवस गेले. अमावास्येला दिवस कलताना मथुराबाई नदीत सापडली. बातमी कसब्यात आली तेव्हा भैरू त्याच विलायती वस्तऱ्याने कुणाची तरी दाढी करत होता. दाढी अर्धी टाकून, वस्तरा कमरेला खोचून तो उठला. त्याला मेलेल्या बाईचं दुःख नव्हतं, उगाच त्याला थोर करू नका. त्याला शकूची धास्ती पडली होती. केस परत आणायचे, नदीत सोडायचे, शपथ पुरी करायची, एवढंच डोक्यात.

संगमावर पोचेतो काळोख पडला होता. तंबूत खेळ चालू होता. दिगंबरपंतांनी भैरूला कनातीच्या फटीशी उभं केलं. "आत्ता बोलू नकोस. संपू दे."

आत डापशा नाचत होता. नऊवारी गुंडाळलेली, गालांना पीठ, आणि डोक्यावर मथुराबाईच्या केसांचा टोप. तो लाजत होता, मुरकत होता, म्हातारा नवरा शोधत होता. गोरे मांड्या बडवून हसत होते. हेच केस भैरूने स्वतःच्या हाताने उतरवले होते.

मग डापशा थांबला.

हसू चालूच होतं... तो मात्र हलेना. तोंड बदललं. गाल आत गेले. ओठ मिटले. पन्नाशीचा तो पुरुष... आणि तोंड एकोणीस वर्षांच्या पोरीचं. टोपातून पाणी ठिबकत होतं.

डापशाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्याने कनातीकडे पाहिलं. बारीक, स्वच्छ आवाजात म्हणाला,

"भैरू... दिलेस ना?"

गोऱ्यांना ते सोंगातलंच वाटलं. त्यांनी टाळ्या पिटल्या.

मागच्या राहुटीत डापशा दोन्ही हातांनी टोप ओढत होता. निघेना. रडत होता, त्याच्या भाषेत काहीबाही बरळत होता. दिगंबरपंत भिंतीसारखे पांढरे. "भैरू... म्हणतोय, काप."

भैरूने मशाल जवळ घेतली. टोपाची कड शोधली. कड नव्हती. केस त्याच्या कातडीतून उगवलेले होते. मुळाशी ओले. नदीच्या गाळाचा वास.

त्याने वस्तरा लावला. केस उतरत गेले... खाली परत फुटत गेले. पुन्हा लावला. पुन्हा. तिसऱ्या खेपेला फुटायचे राहिले. डापशाचं डोकं गुळगुळीत झालं, आणि तोंड... त्याच्या तोंडावर काहीच उरलं नाही. आनंद नाही, भीती नाही. पुढे त्याला मुंबईला धाडलं. तिथे तो एकदाच खेळात उभा राहिला म्हणतात. कुणी हसलं नाही. तीस वर्षांचा धंदा तिथेच संपला.

भैरूने केस उचलले, वस्तराही उचलला, आणि दोन्ही संगमात सोडले. केस वाहून गेले. त्याने डोळ्यांनी पाहिलं. धावत घरी आला. शकू झोपली होती. अंगाला ताप नाही, डोक्याचे केस जागेवर. सुटलो म्हणाला. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला...

उजव्या तळहातात खाज आली.

दिव्यापाशी हात नेला. तळहाताच्या मधोमध एक केस. लांब, काळा, ओला.

त्या दिवसापासून रोज पहाटे भैरू आपला तळहात भादरायचा. मला एकदा दाखवला, मी तिथेच ओकलो. गिऱ्हाइकांची हजामत तो डाव्या हाताने करू लागला. शकूला मांजरी गावात दिली. लग्नात पोर पाया पडली, तर याने हात पाठीमागे घेतले. पोर ओक्साबोक्शी रडली. लोक म्हणाले, काय दगड आहे! मला ठाऊक होतं, तो दगड का झाला.

पंधरा दिवसांपूर्वी भैरू गेला. चार दिवस अंथरुणावर होता, हात भादरलेला नव्हता. मरताना मूठ आवळलेली. ती मी धडप्याने बांधली. बांधताना बोटांच्या फटीतून वीतभर बट बाहेर आलेली पाहिली. भैरूचं डोकं पांढरं झालं होतं. बट काळीभोर.

मांजरीहून शकू आली. तेरा वर्षांची झालीय. प्रेताशी बसली. आम्ही बाहेर तिरडी बांधत होतो. आतून तिचा आवाज आला. "आबा, लग्नातबी हात ठिवला न्हाईस माज्या डोक्यावर. आता तरी ठेव."

मी आत धावलो.

धडपा सोडलेला होता. मूठ उघडलेली. बापाचा उजवा हात तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता, डोळे मिटून.

मी तो हात ओढून काढला. उलटा केला. दिव्याशी नेला.

तळहात स्वच्छ होता. एक केस नव्हता. शकूच्या भांगातून मात्र पाणी ठिबकत होतं.