सात खोटे आकडे

सुभाष रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून श्यामला बाहेर पडली आणि चौकापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, हातातला गठ्ठा आपला नाहीच. कुणाच्या तरी अकरावीच्या प्रश्नपत्रिका होत्या. ती तशीच मागे फिरली. दुकानाच्या पायरीवर, पागोळ्या चुकवत, एक सडपातळ तरुण तिची पानं घेऊन उभा होता. नुसता चाळत नव्हता – ओळीवर बोट ठेवून वाचत होता.

"दीर्घिकांमधली धूळ मोजता तुम्ही?" त्यानं विचारलं.

"दुसऱ्याचे कागद वाचायचं कारण?" तिनं गठ्ठा जवळजवळ ओढूनच घेतला.

"पहिलं पान नाव सापडतंय का म्हणून वाचलं. पुढची... सोडवेनात म्हणून."

तो हसला. ते हसू तिला आवडलं, आणि म्हणूनच ती जास्त सावध झाली. ती पहिल्यांदा परगावच्या एका संस्थेत संशोधनाला लागली, तेव्हा तिथल्या एका सिनिअरनं असंच गोड बोलून तिची वर्षभराची मोजणी बघायला नेली होती आणि सरळ स्वतःच्या नावावर छापली होती. धारवाडला परत येऊन, वडिलांच्या घरात बसून, दोन हजार दोन साली ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती.

हा नारायण. अळणावरजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, हुबळीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, उणकलला खोली घेऊन राहायचा. तिची पद्धत शिकायची आहे, म्हणाला, आणि दर गुरुवारी बस पकडून धारवाडच्या वाचनालयात येऊ लागला. श्यामला समोर वही उघडायची, पण हात आडवा ठेवून.

तिनं त्याला सांगितलं ते असं, की ज्या दूरच्या दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मतात, तिथं धूळही फार असते. ती ताऱ्यांचा प्रकाश खाते, निळा जास्त आणि लाल कमी. म्हणून वर्णपटातली हायड्रोजनची लाल रेषा निळीच्या किती पट ठळक आहे ते मोजायचं, म्हणजे वाटेत किती प्रकाश गेला ते कळतं.

"म्हणजे जे दिसतं त्यावर तुमचा विश्वास नाही."

"कामात नाही."

"आणि कामाबाहेर?"

"तिथं तर मुळीच नाही."

तो पुन्हा हसला आणि वहीत लिहू लागला. काय लिहितोय, हे तिनं मान वाकडी करून पाहिलं. तिनं सांगितलेलंच होतं. तरी घरी गेल्यावर तिला वाटलं, एवढं नीट कशाला लिहून घेतो हा?

पाचव्या गुरुवारी त्यानं तिचा चाळीस दीर्घिकांचा तक्ता मागितला. कॉलेजात व्याख्यान द्यायचं होतं म्हणे. श्यामलाला तो सिनिअर आठवला. तिनं हो म्हटलं, आणि रागाच्या भरात त्यातले सात आकडे बदलून तक्ता दिला. ते सात कुठं छापून आले, तर चोर सापडला. त्यानं तक्ता घडी करून खिशात ठेवला, आभार मानले... आणि पुढच्या गुरुवारी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिला नीट जेवण जाईना. तो चोर निघेल ही भीती होती, की निघणार नाही ही, हे तिचं तिलाच उमजेना.

व्याख्यानाचं आमंत्रण त्यानं स्वतःच दिलं. हुबळीला जाताना तिनं खरा तक्ता पर्समध्ये ठेवला होता. मागच्या बाकावर बसून ती एकेका आकड्याकडे डोळे लावून होती. नारायण तासभर बोलला. उदाहरणं सगळी छापील पुस्तकातली, जवळच्या दीर्घिकांची. तिच्या तक्त्यातला एकही आकडा नाही.

बाहेर जिटीजिटी, बारीक रिपरिप पाऊस लागला होता. व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं.

"माझे आकडे का नाही घेतले?"

"त्यातले सात खोटे होते."

तिचा हात पर्सवर गेला.

"लाल रेषा निळीच्या सव्वादोनपट दिली होती तुम्ही. धूळ अजिबात नसली तरी ती पावणेतीनपटीच्या वर असते. धुळीनं ती वाढायची. कमी कशी होईल?" तो खाली बघत म्हणाला. "एखादा चुकला असता तर नजरचूक म्हटलं असतं. सात चुकले, तेव्हा समजलं... आपली परीक्षा चाललीय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर गुरुवार बंद झाले असते."

"राग नाही आला?"

"आला. बस उणकलला पोचेपर्यंत होता."

तेव्हा तिनं त्याला त्या सिनिअरची सगळी हकिकत सांगितली. आजवर ती घरीही कुणाला धडपणे सांगितली नव्हती. तिनं माफी मागितली, तर तो हलकेच म्हणाला, "होगली बिड्री, जाऊ द्या."

"जाणार नाही ते," श्यामला म्हणाली. "माझा स्वभावच झालाय. उद्याही विचारीन, कुठं होता, काय करत होता..."

"विचारा. मी सांगेन."

"रोज?"

"रोज सांगायचं, तर..." तो अडखळला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तर एका घरात राहावं लागेल."

श्यामलानं ते वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. कुठं काही लपवलंय का, हेही पाहिलं. काही सापडलं नाही.

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "आमचे अप्पा वकील आहेत. ते माझ्यापेक्षा जास्त विचारतात."