रिकाम्या खोलीतला श्वास

दारावरचा लाल दिवा लागलेला होता आणि तरीही तिने दार उघडलं. पोरगी नवीन होती ना! परदेशात येऊन जेमतेम आठवडा झालेला, विद्यापीठाच्या त्या लांबलचक इमारतीत सगळी दारं एकसारखी, आणि हातात निथळणारी छत्री. दिव्याकडे बघतंय कोण? आत एक उंच, किडकिडीत मुलगा कानाला हेडफोन लावून, पाठमोरा, अगदी स्तब्ध उभा होता. त्याने न वळता नुसतं बोट वर केलं. ती जागच्या जागी थिजली. आणि नेमकी तेव्हाच छत्री हातातून सटकली. धाडकन!

"अगं आई गं!" तिच्या तोंडून निघालं.

तो गर्रकन वळला, हेडफोन गळ्यात ओढले आणि चक्क मराठीत म्हणाला, "झालं! लावलीस वाट माझ्या शांततेची."

"तू... तू मराठी?"

"हो. आणि तूही, ते ओरडलीस म्हणून कळलं. नाहीतर या देशात तुला कोण ओळखणार होतं?"

ध्वनिमुद्रणाच्या वर्गात सगळे शिकतात ते तिला त्या दिवशी त्यानेच समजावलं. कुठेही आवाज घेतला की शेवटी त्या जागेची नुसती शांतताही घ्यायची. सगळ्यांनी श्वास आवरून उभं राहायचं आणि यंत्र चालू ठेवायचं. कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि ती जवळ नसली की पुढे आवाज जोडताना ठिगळ कळतं.

"म्हणजे तू इथे काहीच न होण्याचा आवाज घेत होतास?"

"हो. आणि आता त्यात तुझी छत्री आहे."

तो तिथे दोन वर्षांसाठी आलेला, त्यातलं एक सरलेलं. ती एका सत्राची पाहुणी. "पाहुण्यांना चहा विचारतात म्हणे लोक," ती म्हणाली. "इथला चहा यंत्रातून येतो," तो म्हणाला, "त्यापेक्षा काढा बरा. पण चल, पाजतो." तिने त्याचं नाव त्याच दिवशी कानसेन ठेवलं. त्याला ते आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून तो त्या नावाला ओ द्यायला लागला.

मग काय, दिवस कसे गेले कळलंच नाही. तिच्या प्राध्यापकांनी तिला काम दिलं होतं: गावभर हिंडून ठिकाणांच्या शांतता गोळा करायच्या. ग्रंथालयाचा तळघरातला मजला, बंद पडलेला पोहण्याचा तलाव, वसतिगृहाचा मागचा जिना, स्वतःची खोली. अट एकच, जाताना एकटीने जायचं. वर्गासाठी इतर आवाज टिपताना मात्र कानसेन असायचाच. पावसात तो माइकवर आपली टोपी धरायचा आणि स्वतः भिजायचा. हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला, एक त्याच्या, आणि मध्ये एवढीशी वायर. त्यामुळे दोघांना गाल जवळ आणावेच लागायचे. वायर आणखी लांब मिळते, हे दोघांनाही ठाऊक होतं. कुणी विषय काढला नाही.

"तुझ्या नाकातून शिट्टी वाजते," एकदा ती म्हणाली.

"लहानपणी झाडावरून पडलो. हाड वाकडं बसलं. श्वास आत घेतला की वाजतंच."

"कुकर चढायच्या आधी होतं ना, बारीकसं... तसं."

"छान! लोक मुलांना चंद्र-बिंद्र म्हणतात, मला कुकर." आणि तो एवढा लाजला, की तिला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली. आवडला, बाई. मनापासून आवडला. आता कबूल करायला काय हरकत होती?

हरकत निघाली ती एका दुपारी. बाहेर धुकं इतकं, की समोरची इमारत गायब. ती खोलीत बसून जमवलेल्या शांतता ऐकत होती. आवाज वाढवत वाढवत नेला, आणि तळघराच्या त्या रिकाम्या, थंडगार शांततेत तिला काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, भिंतीतला गरम पाण्याचा नळ असेल. मग तलावाची शांतता लावली. तिथेही तेच. जिन्याची लावली. तिथेही. एक श्वास. सावकाश आत जाणारा, आणि आत जाताना बारीक शिट्टी वाजवणारा.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. शेवटी तिने स्वतःच्या खोलीची शांतता लावली. ती घेताना दाराला आतून कडी होती, हे तिला पक्कं आठवत होतं. श्वास तिथेही होता. इतर ठिकाणांपेक्षा जवळ.

तिने ताईला फोन लावला. थोरल्या बहिणीचा जीव, तिकडे हजारो मैलांवर खालीवर झाला.

"अगं, सरळ आहे! तो पोरगा तुझ्या मागे मागे येतोय. चोरून खोलीत शिरतोय. आत्ताच्या आत्ता रेक्टरबाईंकडे जा, आणि त्याचं तोंड बघू नकोस!"

"ताई, कडी आतून होती गं."

"मग पलंगाखाली असेल मेला!"

"माझा पलंग जमिनीला टेकलेला आहे."

ताई हळू आवाजात म्हणाली, "तुला आवडतो का गं तो?"

तिने "नंतर बोलते" म्हणत फोन ठेवला. तीच तर पंचाईत होती. ताईचं खरं असेल तर तो मुलगा लबाड, आणि तिने त्याला कायमचं तोडायला हवं. ताईचं खरं नसेल, तर मग कडी लावलेल्या खोलीत तिच्याजवळ होतं कोण?

ती रेक्टरबाईंकडे गेली नाही. सरळ त्याच्याकडे गेली, काही न सांगता हेडफोन त्याच्या कानाला लावले आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. तो आधी हसत होता. मग त्याचं हसणं विरलं. ओठ पांढरे पडले.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"पण मी तिथे नव्हतो! तुझ्या खोलीत तर मी कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"मग माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण नजर हलली नाही. "तपासून बघ. उद्या सकाळी सरांसमोर माझं प्रात्यक्षिक आहे. अख्खा वर्ग असेल, दार बंद असेल. त्याच वेळी तू तुझ्या खोलीची शांतता घे. काही नसलं तर मी चोर. खुशाल तक्रार कर, मी सही करतो."

दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. स्टुडिओच्या काचेतून तो आत दिसला, सरांच्या शेजारी, घामाघूम. दार लागलं, लाल दिवा लागला, तशी ती धावतच वसतिगृहात आली. शेजारच्या खोलीत एक व्हायोलिन शिकणारी मुलगी राहायची, तिला दाराबाहेर उभं केलं. "कुणालाही आत सोडू नकोस हं, माझी शपथ!" ती बिचारी कारण न विचारता खांब रोवल्यासारखी उभी राहिली. मग हिने आतून कडी लावली, कपाट उघडून पाहिलं, पडदे सारले, यंत्र चालू केलं. स्वतः कोपऱ्यात उभी राहिली, ओढणी तोंडावर दाबून.

खोलीत काही हललं नाही. पण आपण एकट्या नाही, हे तिला तेव्हाच कळलं. कसं, ते सांगता येत नाही. मागे कुणी उभं राहिलं की पाठीला कळतं ना, तसं.

हेडफोन लावले. श्वास होता. शिट्टी होती. आणि या वेळी इतक्या जवळ, की तिने मान झटकली.

ती रडली. भीतीने रडली, हे खरंच. पण तो चोर नव्हता या सुटकेनेही रडली, आणि दोन्हीतलं जास्त काय होतं ते तिचं तिलाच उमगेना.

प्रात्यक्षिक संपल्यावर त्याने ते ऐकलं आणि डोकं धरून बसला. "माझ्यामुळे होतंय हे. मी लांब राहिलो तर थांबेल कदाचित. यापुढे मी तुझ्या वाटेत येणार नाही."

"अरे, पण..."

"तू घाबरलेली मला बघवत नाही," तो म्हणाला आणि निघून गेला. शब्दाचा पक्का निघाला, दुर्दैवाने. चहाच्या यंत्रापाशी नाही, ग्रंथालयात नाही, कुठेच नाही. सत्र संपत आलं. तिची परतीची बॅग अर्धी भरून पडली होती.

आणि श्वास थांबला का? थांबायचं नाव नाही! तो वाढला. भर सकाळी, उन्हात, हेडफोनशिवाय ऐकू यायला लागला. ती केस विंचरत असायची आणि मानेपाशी... बारीक शिट्टी. वाचायला बसली, की पान उलटायच्या आधी कुणीतरी श्वास घ्यायचं, जणू बरोबर वाचत होतं. तिच्या मानेवर शहारे उठायचे. आणि गंमत ऐका, ते क्षणभर थांबलं की तिला करमायचं नाही.

शेवटी एका सकाळी ती उठली, चपला अडकवल्या आणि तडक विभागात गेली. तो व्हरांड्यात वायरी गुंडाळत बसला होता. तिला बघून उठून पळायच्या बेतात.

"बस खाली!" ती म्हणाली. तो बसला.

"तू लांब राहिलास की ते जवळ येतं. आता तर मानेपाशी असतं माझ्या. मला भीती वाटते रे. पण त्याची जितकी वाटते ना, त्याहून जास्त तू दिसत नाहीस त्याची वाटते. त्यापेक्षा तूच ये की! निदान ओळखीचा तरी आहेस."

त्याच्या हातातल्या वायरी सुटून खाली पडल्या. "ही तक्रार आहे, की मागणी?"

"दोन्ही. काय ते लवकर बोल. चार दिवसांनी विमान आहे माझं."

"तेच तर. मग तू गेल्यावर?"

"त्या श्वासाला काय, व्हिसा लागत नाही. येईल माझ्याबरोबर," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "तू तुझं बघ. इथे एकटा काय करणार आहेस?"

तो हसला नाही. "एकटा नाहीये मी," म्हणाला. तिला स्टुडिओत घेऊन गेला, आपल्या यंत्रात काहीतरी शोधलं आणि हेडफोन तिच्या कानावर ठेवले, फार जपून, केस न ओढता. "हे कुणाला ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर वेड्यात काढलं असतं लोकांनी. आणि तुला ऐकवायची तर छातीच झाली नाही. तू म्हणाली असतीस, हा माझा आवाजही चोरतो."

मोठ्या रिकाम्या सभागृहाची शांतता होती. थंड, पोकळ. मग कुठेतरी खुर्ची सरकली. मग हलकी पावलं. आणि मग एक मुलगी वैतागून पुटपुटली, "इथेच तर ठेवलं होतं बाई... गेलं कुठे?"

तो तिचाच आवाज होता. स्वतःचा आवाज ओळखायला कुणी सांगावं लागत नाही.

"हे... हे कधी घेतलंस?"

"गेल्या हिवाळ्यात. तू यायच्या खूप आधी. सभागृहात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. शांतता घेऊन घरी आलो, ऐकली, आणि आत ही. मराठी बोलणारी! आधी खूप घाबरलो. मग रोज ऐकायला लागलो. मग तर ऐकल्याशिवाय जेवण जाईना." त्याने एक श्वास घेतला, बारीक शिट्टी वाजली. "मग तू छत्री पाडलीस आणि ओरडलीस."

"आणि प्रेमात पडलास?" तिने विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना.

"नाही. खोटं कशाला बोलू? पडलो होतो त्याच्या आधीच."

तिच्या अंगावर काटा होता आणि डोळ्यांत पाणी, आणि त्याची बाही तिच्या मुठीत घट्ट धरलेली. भीती गेली नव्हती. पण आता ती दोघांची होती.

"पुढे काय आहे यात?" तिने विचारलं.

"पुढे तू जातेस. दार लागल्याचा आवाज येतो. मग काही नाही."

"परत येते का मी?"

"ते माहीत नाही. यंत्र बंद केलं होतं मी."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "येणार आहे. इथल्या पुढच्या शिक्षणाचा अर्ज मी आजच भरते. आता बस इथे, आणि मला बोलता येत नाही ते सगळं ऐक."

त्याने दाराबाहेरचा लाल दिवा लावला, म्हणजे कुणी आत येणार नाही.