वकीलबाई आणि दोन वेढे

“पळा, पळा! वकीलबाई पुन्हा सुटली!”

धाकट्या भावाची, म्हणजे भोपळ्याची आरोळी ऐकून खारू दुधाचा पेला तसाच टाकून बाहेर धावली. शेजारच्या बाईंच्या कोबीच्या वाफ्यात आजोबांची शेळी ऐटीत चरत होती आणि तिच्यामागे पाच बदकं शिस्तीत रांग धरून उभी होती. ही शेळी दिवसभर वाद घातल्यासारखी ओरडायची, म्हणून आजोबांनीच तिला वकीलबाई म्हणायला सुरुवात केली होती.

“आज सलग तिसरा दिवस!” काका पायरीवरून कडाडले. “बाबा, तुम्ही गोठ्याचं दार बांधायला विसरता. कोंबड्याही म्हाताऱ्या झाल्यात, अंडी देत नाहीत. आता पुरे! रविवारी व्यापारी टेम्पो घेऊन येतोय. सगळी जनावरं देऊन टाकू.”

सात वर्षांचे असताना आजोबांनी एक लंगडं कोकरू छातीशी धरून घरी आणलं होतं. तेव्हापासून त्यांचा एकही दिवस जनावरांशिवाय गेला नव्हता. आता ते भांडतील असं खारूला वाटलं. पण त्यांनी फक्त आपल्या हातांकडे पाहिलं.

“विसरलो असेन रे,” ते म्हणाले.

व्यापाऱ्याचा खारूला राग आला होताच, पण आजोबांनी असं कबूल करून टाकावं, हे तिला मुळीच सोसवेना.

“आजोबा विसरत नाहीत!” गोठ्यामागे तिघं भावंडं जमल्यावर खारू म्हणाली. “काल मी त्यांच्या शेजारी उभी होते. दोरीचे दोन वेढे देऊन त्यांनी गाठ मारली. एकाच वेढ्याची गाठ वकीलबाई फटीतून तोंड काढून ओढते, म्हणून ते कायम दोन देतात!”

चुलतभाऊ शास्त्रीबुवा याने चष्मा सावरत दोरी तपासली. “यावर दातांच्या खुणा आहेत. म्हणजे गाठ शेळीनेच सोडवली. म्हणजे ती एका वेढ्याची होती. म्हणजे आजोबांनंतर कुणीतरी दार उघडून पुन्हा बांधलं!”

“नाश्त्याआधी मला इतके ‘म्हणजे’ झेपत नाहीत,” भोपळ्या कुरकुरला.

“आणि त्यानेच अंडी पळवली!” खारूने टाळी वाजवली. “थांबा, मला सुचलंय काहीतरी!”

कोंबड्यांनी गोठ्यातल्या खुराड्यातच अंडी घालावीत म्हणून आजोबा पूर्वी तिथे चिनीमातीची खोटी अंडी ठेवत. त्यातली चार अजून फडताळात पडून होती. ती खारूने खिशात घातली.

त्या संध्याकाळी आजोबांनी दार बांधलं आणि तीनदा परत येऊन गाठ चाचपून पाहिली. खारूला ते बघवेना. “आजोबा, उद्या उजाडताना हौदापाशी येऊन बसाल? माझ्यासाठी?” तिने विचारलं. आजोबांनी मान डोलावली.

उजाडायच्या आधीच तिघं मागच्या खिडकीतून गोठ्यात उतरली, खुराड्यातली अंडी बदलली आणि गवताच्या ढिगाआड दडली. थोड्याच वेळात दार करकरलं. आत आले ते काका! अंगात बिनबाह्यांचा बनियन, हातात नवेकोरे डंबेल्स!

काकांनी एक अंडं उचललं, डोकं मागे टाकून तोंड उघडलं आणि अंडं गव्हाणीच्या कडेवर आपटलं.

टण!

“अरेच्चा!” त्यांनी दुसरं आपटलं. टण! भोपळ्याने हसू दाबायला तोंडात चक्क गवत कोंबलं.

काका चडफडत बाहेर गेले. घाईघाईत दोरीचा एक वेढा दिला, गाठ मारली आणि वळले. वकीलबाई याचीच वाट बघत होती. तिने फटीतून तोंड काढलं, दोरी ओढली आणि काकांना चक्क बाजूला ढकलून ती ऐटीत निघाली. मागून बदकांची रांग!

समोर हौदाच्या कठड्यावर आजोबा बसले होते.

“मला वाटलं, गाठ म्हणजे गाठ! माझ्यामागून तुम्हीच दार उघडं टाकता, असं धरून चाललो!” काकांचे कान लाल झाले होते. “दंड कमवायला रोज चार कच्ची अंडी... घरात सांगितलं तर सगळे हसले असते, म्हणून कोंबड्यांवर ढकललं... बाबा, चूक माझी होती आणि बोल तुम्हाला लावला. व्यापाऱ्याला आत्ताच नको म्हणून कळवतो. आणि शेजारच्या बाईंना कोबीही मीच लावून देतो.”

“तीन दिवस माझा माझ्या हातांवर भरवसा राहिला नव्हता,” आजोबा म्हणाले. गवताआडून धावत बाहेर आलेल्या तिघांनाही त्यांनी जवळ ओढलं. “शाब्बास रे माझ्या पोरांनो! या मुक्या जिवांनी मला जन्मभर साथ दिली. त्यांचे उपकार फेडायचे कसे, असं नेहमी वाटायचं. आज ते तुम्ही फेडलेत.”

“बें!” वकीलबाई कोबी चघळत ओरडली.

“मुकी म्हटलेलं तिला आवडलं नाही,” भोपळ्या म्हणाला आणि आजोबा कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

त्या संध्याकाळी आजोबांनी दोरी खारूच्या हातात दिली. तिने एक वेढा दिला, दुसरा दिला आणि गाठ आवळली. वकीलबाईने फटीतून तोंड काढून दोनदा ओढून पाहिलं, मग नाद सोडला.

“परत बघायचं का, आजोबा?” खारूने विचारलं.

“कशाला? तू बांधलंयस ना!” आजोबा म्हणाले आणि मागे वळूनही न पाहता घराकडे चालू लागले.