चौथ्या दिवसाचं रक्त

वीज गेली आणि मुलं गच्चीवर जमली. सेतुमाधवअण्णांनी आधी पानाला चुना लावला, मग म्हणाले, हे ऐकीव नव्हे, माझ्या ऑफिसातल्या कृष्णाजीचं आहे. गेल्या मार्गळीतला, म्हणजे धनुर्मासातला मंगळवार, रात्रीचे दहा चाळीस.

कृष्णाजीच्या बायकोची गर्भपिशवी पापनाशमच्या एका नर्सिंग होममध्ये काढली होती. चौथा दिवस. ताप नाही, पण तोंड उतरलेलं, अन्नावर वासना नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, ऑपरेशननंतर रक्तातला सीआरपी, म्हणजे सुजेचा आकडा, चढतोच. चौथ्या दिवशी मात्र उतरायला हवा. चढत राहिला तर आत पू धरतोय. ताप मागाहून येईल, तोवर उशीर झालेला असेल. तिथलं मशीन नेमकं बंद. म्हणून रक्ताची नळी घेऊन कृष्णाजी मोपेडवर तंजावरला निघाला.

कालव्याकाठचा रस्ता, दोन्हीकडे भात. वाटेत मोपेड एकाएकी जड झाली. टायर बघितले, ठीक होते.

लॅबमध्ये रात्रपाळीचा तंत्रज्ञ प्रवीणकुमार एकटा. कृष्णाजीनं चिठ्ठीवर बायकोचं नाव भरलं: कनकलता. प्रवीणकुमारनं नळी दिव्याखाली धरली. नळीवर नाव होतं वेंकूबाई.

“सार, नाव जुळत नाही. दुसरं रक्त आणा.”

हे आपल्या तंजावरी मराठी घरांतच व्हायचं, अण्णा म्हणाले. मुलीला आजीचं नाव ठेवायचं, आणि सुनेनं सासूचं नाव कसं घ्यायचं म्हणून घरात भलत्याच नावानं हाक मारायची. बारा वर्षं कनका म्हटल्यावर आधारकार्डावरची वेंकूबाई कुणाला आठवते?

“हरिप्रियाला विचारा, तिचं खरं नाव तिलाच ठाऊक नाही,” प्रद्युम्न म्हणाला. हरिप्रियानं त्याला चिमटा काढला. अण्णा हसले नाहीत.

कृष्णाजीनं हात जोडले. प्रवीणकुमारही वाईट नव्हता. एकीचा आकडा दुसरीला गेला तर भलत्याच बाईचं पोट उघडतील, म्हणाला. नर्सिंग होमचा फोन नुसता वाजत राहिला. परत जाऊन यायचं तर दीड तास... तेवढा वेळ तिच्यापाशी होता का?

तो बाहेर पायरीवर बसला. रडूही येईना.

मग आत मशीन सुरू झालं.

तो दारात गेला.

“दोन्ही नावं एकाच बाईची, हे आधी नाही का सांगायचं?” प्रवीणकुमार म्हणाला. “तुमच्या पाट्टींनी सांगितलं. रजिस्टरात सहीपण केली.”

“कुठली पाट्टी? माझ्याबरोबर आजी कुठली?”

“तुमच्या मागं बसून आल्या त्या म्हाताऱ्या...”

दार एकच. पायरीवर तो स्वतः बसलेला.

कृष्णाजीनं मागं वळून पाहिलं नाही.

आकडा आला. परवा एकशे दहा. आता दोनशे बारा. या वेळी फोन उचलला गेला. एक वाजता पोट उघडलं. पू होता. बाई वाचली.

अण्णांनी आणखी एका पानाला चुना लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णाजी रजिस्टर बघायला गेला. नमुना कुणी आणला, त्या रकान्यात एकच ओळ... मोडीत. कनकाच्या माहेरी मोडी यायची ती एकट्या तिच्या आजीला, त्या थोरल्या वेंकूबाईला. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली.

त्यानं ओळीवरून बोट फिरवलं.

शाई ओली होती.