अखंड सेवेचा दाखला

"मॅडम... ओ मॅडम! हा डबा तेवढा आत घेऊन जा ना."

चारुशीलाने वळून पाहिलं. गेटबाहेर, जाळीला अगदी नाक लावून, एक उंच, सावळा माणूस उभा होता. त्याच्या खांद्यावर थर्माकोलचा डबा होता. डब्यातलं बर्फाचं पाणी गळून त्याचा अर्धा शर्ट ओला झाला होता. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण मे महिना. ओला नसलेला अर्धा भाग घामाने भिजला होता.

"तुम्हीच या ना आत. मी काय हमाल आहे?"

"मले येता येत नाही. मी आज इथला नाही." तो हसला. "भैयाजीले विचारा."

भैयाजी म्हणजे गेटवरचा पहारेकरी. त्याने मान खाली घातली. "त्याचा आज खंड हाये, मॅडम. आत सोडला तर माही नोकरी जाते."

"पानी जंतूंच्या तपासणीचं हाये," जाळीपलीकडून आवाज आला. "बर्फ संपला की नमुना मेला. पहाटे चारपासून गावात होतो... न्या ना."

तिने डबा घेतला. हात लागले. त्याचे बर्फाने गार पडले होते, तिचे तापलेले. "नाव काय सांगू आत?"

"नाव नका सांगू. आज माह्यं नाव चालत नाही."

चारुशीलाचा नोकरीतला तो तिसरा दिवस होता. आजोबांचा उमरेडला माग होता. वडिलांनी तो सोडून पाणी तपासणाऱ्या या सरकारी संस्थेत नोकरी धरली आणि नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी अनुकंपेवर ती लागली होती, परदेशी प्रकल्पांच्या टेबलावर. खंड म्हणजे काय, हे तिला दुपारपर्यंत कळलं.

जाळीपलीकडचा तो माणूस, अंकुश, सात वर्षं गावोगावच्या हातपंपांचे नमुने आणत होता. कागदावर मात्र तो सलग तीन महिनेही तिथे नव्हता. एकोणनव्वद दिवसांचा आदेश द्यायचा, नव्वदाव्या दिवशी घरी बसवायचं, एक्क्याण्णवाव्या दिवशी नवा आदेश हातात ठेवायचा. माणूस सलग राहिला तर कायम होण्याचा हक्क मागेल, म्हणून ही कात्री. याला तांत्रिक खंड म्हणतात. ज्या डोक्यातून ही युक्ती निघाली, त्या डोक्याचा पगार एक दिवसही तुटला नसेल, हे मी लिहून देतो.

पण नमुने रोज लागत. एक दिवस चुकला की अख्खी मालिका वाया. म्हणून अंकुश खंडाच्या दिवशीही जायचा, फुकट, आणि डबा गेटवर आणायचा. नोंदवहीत 'आणणारा' या रकान्यात त्या दिवशी ड्रायव्हरचं नाव लागायचं.

नव्वद दिवसांनी पुन्हा तो जाळीपाशी उभा. चारुशीला आधीच येऊन थांबली होती.

"काय गा, आज पुन्हा इथले नाही का?"

"आज तर भूत हाये मी. भेव वाटून राहिलं का?"

"भुताचे पाय उलटे असतात."

"पाहा ना मग," त्याने जाळीखालून चप्पल पुढे सरकवली, "सरळ हायेत. तुमच्याकडेच वळलेले."

भैयाजीला एकदम जोराचा खोकला आला. चारुशीला डबा घेऊन भराभर निघाली... आणि वळणावर, कारण नसताना, थांबली.

मग बाकीचे एकोणनव्वद दिवसही भरू लागले. तो दुपारी गावांवरून यायचा, दोघं टपरीवर चहा घ्यायची. तो गावांतल्या बायांच्या गोष्टी सांगायचा, ती साहेबांच्या नकला करायची. प्रेम हा शब्द कुणीच काढला नाही. घरी आईने एकदाच विचारलं, "तो दीक्षाभूमीवाल्यांचा पोट्टा, तोच ना?" चारुशीलाने आणखी दोन पोळ्या वाढून घेतल्या. राग आला की तिला भूक लागायची.

दोन वर्षं गेली. मग पोर्तुगालातून पत्र आलं.

तिथलं एक विद्यापीठ आणि ही संस्था मिळून एक प्रकल्प चालवत होते. पैसा युरोपातल्या जनतेच्या करातला. नमुना घेण्याआधी हातपंप पाच मिनिटं हापसून पाणी सांडायचं, असा शास्त्राचा नियम. अंकुशने एकट्याने दोन बाटल्या भरायला सुरुवात केली होती: एक सांडल्यानंतरच्या पाण्याची, एक अगदी पहिल्या धारेची. "बाया काय पाच मिनिटं पानी सांडून मग भरतात? पहाटे जी पहिली येते, ती तेच पानी लेकराले पाजते." पहिल्या धारेतच जंतू सापडले. तिकडच्या प्रकल्पप्रमुख बाईंनी लिहिलं: हा विचार ज्याने केला, तो माणूस सहा महिन्यांसाठी आमच्याकडे पाठवा.

चारुशीलाने नियमांची चळत टपरीवर आणली.

"ऐका. जाणारा माणूस पाठवणाऱ्या संस्थेचाच पाहिजे. जाण्याआधी निदान महिनाभर तिथे कामाला पाहिजे. तिकडे पूर्ण वेळ तेच काम, दुसरं नाही. इकडची नोकरी चालूच राहिली पाहिजे. आणि मुदत संपली की परत इकडेच यायचं."

"हे तर लग्नाचेच नियम हायेत वं."

"लग्नात परत येत नाहीत."

"मी येईन ना." तो चहात बघत म्हणाला. "परत याची अट असली तर... मले आवडते."

त्या सलगीच्या 'वं'वर ती रागावणार होती. राहून गेलं.

शनिवारी दोघं सीताबर्डीला पासपोर्टाचे फोटो काढायला गेली. फोटोवाला वैतागला. "साहेब, हसू नका, फोटो वापस येते."

"मग ह्यायले समोरून हटवा," अंकुश म्हणाला.

चारुशीला पडद्यामागे गेली आणि तिथे एकटीच, तोंडावर ओढणी धरून, पोट दुखेपर्यंत हसली. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस. पुढे असा आला नाही, म्हणून सांगून ठेवतो.

परदेशी कार्यालयाला एकच कागद हवा होता: अखंड सेवेचा दाखला. सहा महिन्यांत दोन वेळा नव्वदावा दिवस येणार. त्या दिवशी तो कुणाचाच नोकर नाही, मग त्याला पाठवणारं कोण?

प्रशासन अधिकारी मधुकरराव गोड माणूस होते. अशी माणसं गळा कापतात तेव्हा आधी टॉवेल देतात.

"चारुशीला, बेटा, मला का वाईट वाटत नाही? पण असा दाखला दिला, तर उद्या तोच घेऊन हे लोक कोर्टात उभे राहतील. कायम करा म्हणून सत्तावीस जणांची केस आधीच चालू आहे. त्यात हाही आहे." त्यांनी दोन मसुदे पुढे केले. "यावर मार्ग आहे. टाईप करून आण."

पहिला कागद: अंकुशची सेवा अखंड आहे. हा पोर्तुगालला जाणार. दुसरा कागद: माझी सेवा कधीच अखंड नव्हती, कोर्टातला दावा मी सोडतो, खाली अंकुशची सही. हा कपाटात राहणार. एकाच माणसाची सेवा समुद्रापलीकडे अखंड आणि समुद्राअलीकडे तुटकी. टाईप करताना चारुशीलाची बोटं चुकत राहिली.

"नाही केली सही तर?" तिने कागद मधुकररावांपुढे ठेवत विचारलं.

"तर श्रीधर जाईल. कायम आहे तो."

श्रीधरने दहा वर्षांत हातपंपाचा दांडा धरला नव्हता.

"सही करा," ती टपरीवर म्हणाली. "सहाच महिने. नाव होईल तुमचं."

अंकुशने कागद दोनदा वाचला. "बाकीच्या सव्वीस जनाईचं काय? संस्थेचा वकील उद्या काय म्हनन... यायच्यातलाच एक लिहून देऊन राहिला का आमची सेवा तुटकीच होती."

"तुम्ही एकट्याने सगळ्यांचा ठेका घेतलाय?"

"नाही. पन गळाही नाही कापत." त्याने कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. "तुले वाटते का मी जावं?"

पहिल्यांदाच तुले. "मला वाटतं... तुमचंच नाव जावं. खऱ्याने."

सोमवारी श्रीधरचा अर्ज तिनेच भरायचा होता. 'निवडलेल्या व्यक्तीने या संशोधनात केलेलं काम' असा रकाना आला. तिने लिहिलं: काही नाही. मग ती थांबलीच नाही. काम अंकुशचं, नऊ वर्षांचं. खंड दाखवतात त्या दिवशीही तो राबतो. नमुने मी स्वतः त्याच्या हातून घेते. अर्ज तिने तसाच पाठवून दिला. नियम माणसाच्या बाजूने आहेत, अशी तिची भाबडी समजूत होती. तिकडे कुणीतरी वाचेल आणि म्हणेल, मग यालाच पाठवा.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. सभ्य, चार ओळींचं. श्रीधर अपात्र, कारण त्याचं काम नाही. अंकुश अपात्र, कारण दाखला नाही. सबब ही जागा रद्द.

पुढच्या एक्क्याण्णवाव्या दिवशी अंकुशला नवा आदेश आला नाही. चारुशीलाला मेमो आला.

ती भेटायला गेली तेव्हा तो बेसा भागातल्या त्याच्या खोलीबाहेर पायरीवर बसला होता. "तुले कोनं सांगितलं होतं वं लिहाले?"

"कुणी नाही."

"मी सही केली नाही तरी निदान गाव होतं, पंप होता. आता पहिल्या धारेचं पानी कोन घेते? कोनीच नाही!" तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "तू खरं लिवलं अन् मी कामावरून गेलो. असं काहून केलंस?"

काहूनचं उत्तर एका शब्दाचं होतं. ते त्या पायरीवर द्यायचं, म्हणजे भीक मागितल्यासारखं झालं असतं. ती तशीच निघून गेली. मग पाच महिने दोघांची भेट नाही. तो मिहान उद्योगवसाहतीतल्या एका गोदामात खोके उचलत होता, एवढं भैयाजीकडून कळलं.

सत्तावीस जणांच्या वकिलाला एक साक्षीदार हवा होता. खंडाच्या दिवशी हे लोक कामावर होते, असं शपथेवर सांगणारा कायम नोकर. नोंदवह्यांत ड्रायव्हरचं नाव. सगळ्या कायम नोकरांना त्या आठवड्यात लग्नं, ताप आणि तीर्थयात्रा निघाल्या. चारुशीला गेली. मधुकररावांनी आदल्या दिवशी टॉवेल दिला होता: "अनुकंपेची नोकरी आहे, बेटा. आईचा विचार कर."

कामगार न्यायालयातला पंखा नुसता आवाज करत होता. तिने सांगितलं: दोन वर्षं, आठ खंड, आठही दिवस अंकुश नमुने घेऊन गेटवर आला.

संस्थेचा वकील उठला. "तारखा पाठ आहेत तुम्हाला?"

"हो."

"वा! सत्तावीस अर्जदारांतल्या एकाच्याच?" तो न्यायाधीशांकडे पाहून हसला. "बाई, शपथेवर आहात. या अर्जदाराशी तुमचा काही वैयक्तिक संबंध आहे का?"

कामगारांच्या वकिलाने डोळे मिटले. हो म्हटलं तर साक्ष फुकट. नाही म्हटलं तर... मागच्या बाकावर गोदामाच्या धुळीने पांढरा झालेला अंकुश बसला होता. पाच महिन्यांत चांगलाच वाळला होता. तो मान हलवत होता: नको.

"आहे," चारुशीला म्हणाली. "माझं प्रेम आहे त्याच्यावर. तारखा त्यामुळेच पाठ आहेत. त्याला अजून सांगितलेलं नाही."

कुणीतरी मागे हसलं. अंकुशची मान हलायची थांबली.

"म्हणजे त्याच्यासाठी तुम्ही खोटंही बोलू शकता!"

"खोटं बोलायचं असतं, तर आत्ता नाही म्हटलं असतं."

वकील कागद चाळू लागला. टायपिस्ट मुलीचे हात हवेत थांबले होते. "साहेब... काय लिहू?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "त्या बोलल्या तेच. शब्दाला शब्द."

कळा वाजू लागल्या. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची पडली. जिन्यावर गर्दी होती. मधुकरराव फोन कानाला लावून तिच्याकडे न पाहता उतरून गेले. चारुशीला कठड्याला धरून उभी राहिली.

अंकुश दोन पायऱ्या खाली थांबला.

"पाहा," तो म्हणाला, "नोकरी गेली आता तुही."

"जाईल."

"आई जेवन का आज?"

"ती नाही जेवणार. मी चार पोळ्या जास्त खाईन."

तो हसला नाही. दोन पायऱ्या वर चढून आला, तिच्या हातातली पर्स घेतली, आपल्या खांद्याला अडकवली आणि सगळ्या कोर्टासमोर तिचा हात धरून खाली उतरू लागला.