महाराणी अडली ती दुपार

बसा निवांत. आईबद्दल विचारलंत म्हणून सांगते. एरवी ही गोष्ट मी घरातसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचे कपडे आवरायला मी शहरातून कुरणावरच्या घरी गेले होते. दादा गुरांसाठी मिठाच्या विटा आणायला बाजारात निघाला. जाताना म्हणाला, "संध्याकाळच्या आत येतो. तू फक्त पाण्याचं बघ, आणि महाराणीवर लक्ष ठेव."

महाराणी म्हणजे आमची पहिलारू गाय. उरलासुरला चारा तोंडात धरायची नाही, म्हणून आईनेच हे नाव ठेवलेलं.

आमचे वडील लवकर गेले. तेव्हा सगळे नातेवाईक आईला म्हणाले, गुरं विकून टाक आणि भावाकडे जाऊन राहा. आईने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांची विजार चढवून घोड्यावर बसली. ती सत्तरी उलटल्यावरच खाली उतरली, तेही घोड्याची दया आली म्हणून, असं तिचं म्हणणं. तोंडावर कौतुक तिने कधी केलं नाही. गाईंना बाई, ताई म्हणायची आणि आम्हाला गाढव. नातवंडं झाल्यावर मात्र पार विरघळली. थंडीत जन्मलेलं वासरू उचलून स्वयंपाकघरात चुलीपाशी आणायची आणि माझ्या लेकीला त्याच्या पोटाशी झोपवायची. "दोघं एकमेकांना ऊब देतात. मला एक पांघरूण कमी लागतं."

अडलेली गाय सोडवण्यात मात्र तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मलाही शिकवायला बघायची. मी नाक दाबून पळ काढायचे.

त्या दुपारी धुकं उतरलं. आधी टेकडी गेली, मग कुंपण, मग अंगणातला हौदसुद्धा दिसेना. मी गोठ्यात जाऊन दिवा लावला. ओल्या गवताचा वास दाटला होता. महाराणी आडवी पडून कण्हत होती. पाणमोट कधीच फुटली होती, आणि बाहेर एकच खूर दिसत होता.

दादाला फोन लावला. "गुरांच्या डॉक्टरांना बाजारातून घेऊनच निघालोय," तो म्हणाला, "पण घाटात हातभर पुढचं दिसत नाहीये. गाडी रांगतेय नुसती. तू हात घालून बघ."

"मला नाही जमायचं, दादा."

"मग दोन्ही जातील. आईची लेक आहेस ना?"

बाही वर केली. साबण लावला, तेल लावलं आणि हात आत घातला. वासराचं नाक लागलं. जीभ हलत होती, म्हणजे जीव होता. दुसरा पाय मागे दुमडलेला. तिथवर बोटं पोचेनात. गाईला कळ आली की माझा हात चरकात सापडल्यासारखा पिळून निघत होता. महाराणीचं कण्हणं क्षीण होत चाललं. मी रडत होते आणि तिला सॉरी म्हणत होते, हे आठवतं.

बाहेरच्या गाई इतका वेळ हंबरत होत्या. त्या एकदम गप्प झाल्या. सगळ्याच्या सगळ्या.

आणि आत, माझ्या बोटांच्याही पलीकडून, एक हात आला.

वासराचा पाय असेल, म्हणून मी तो चाचपला. पण त्याला बोटं होती… तळवा खरखरीत होता, दोरानं घासून घासून झालेला. त्याने माझी बोटं घट्ट धरली. मी हात ओढायला गेले. सोडेना. माझ्या अंगावर काटा आला, आणि तरी तो हात इतका ओळखीचा होता की भीती कुठे संपते आणि माया कुठे सुरू होते, हे मला आजही सांगता येत नाही.

"आई…?" मी म्हटलं.

नुसती बोटाच्या पेरावर एक टिचकी. मी दोर चुकीचा धरला की मारायची, तशी. मग त्या हाताने वासराला थोडं मागे रेटलं, दुमडलेला पाय फिरवला, खूर माझ्या तळव्यात ठेवला आणि वर माझीच बोटं मिटवली. खूर झाकून धरायचा, म्हणजे आत जखम होत नाही. लहानपणी शंभरदा ऐकलं होतं.

पुढच्या कळेला मी ओढलं. वासरू माझ्या मांडीवरच आलं. ओलं, वाफाळणारं, शिंकणारं. महाराणी मान वळवून त्याला चाटायला लागली.

दादा आणि डॉक्टर पोचले तेव्हा वासरू उभं राहायची खटपट करत होतं. डॉक्टरांनी जुळं तर नाही ना हे बघायला हात आत घातला. घातला, आणि तसेच थांबले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"कोणी नाही."

त्यांनी हात बाहेर काढला. "एकच आहे वासरू," इतकंच बोलले आणि हौदावर कितीतरी वेळ हात धूत राहिले. चहाला थांबले नाहीत.

तेव्हापासून माझा हा उजवा हात अधूनमधून आपोआप तापतो. बोटांपासून ऊब चढत चढत कोपरापर्यंत येते. मग रात्रीतून दादाचा फोन येतो, अमकी गाय व्याली, सगळं नीट झालं. मला आता त्याची भीती वाटत नाही. उलट बरं वाटतं, म्हातारी अजून कामावर आहे म्हणून.

आज दुपारपासून हात तापलाय. हा बघा, हात लावून बघा. म्हणून मघाशी मीच दादाला फोन केला. तो म्हणाला, "या महिन्यात कुणाचीच वेळ नाही गं."

आत माझी लेक झोपलीय. पोटुशी आहे, पण दिवस भरायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

आवाज जरा खाली करा… ऐकताय? मघापासून ती झोपेत कुणाची तरी समजूत घालतेय.

"इतक्यात नको, आजी… इतक्यात नको."